साडूंची सिस्टीम

जुगारात हरणारी माणसं दोन प्रकारची. काही नुसती हरतात, काही पद्धतशीर हरतात. आमचे साडू दुसऱ्या प्रकारातले. सहकारी संस्थांची हिशेबतपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रकान्यात उतरल्याशिवाय एखादी गोष्ट घडली, हेच त्यांना पटत नाही. लेकीकडे कॅलिफोर्नियात मुक्काम असताना जावई सहज म्हणाला, "बाबा, या शनिवारी लास व्हेगस बघून येऊ." आमच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या थोरल्या भगिनी फुकटात कारंजी बघायला मिळणार म्हणून हरखल्या. साडूंनी जावयाकडे वही मागितली. रेघांची नको, चौकटींची.

खेळ त्यांनी आधीच नक्की केला होता : क्रॅप्स. रुलेटमध्ये गोळी दुसराच कोणी फिरवतो आणि स्लॉट मशीनच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. क्रॅप्समध्ये फासे आपल्या हातात येतात, हा त्यांचा मुद्दा. लॉस एंजेलिसहून व्हेगस साधारण ४३० किलोमीटर. मोहावेचं वाळवंट दोन्ही बाजूंना पसरलेलं, आणि गाडीत पुढच्या सीटवर वळून बसलेले साडू आम्हाला खेळ समजावत होते.

फासे दोन. पहिल्या फेकीत ७ किंवा ११ पडले तर 'पास लाईन'वर पैसे लावणारे जिंकले. २, ३ किंवा १२ पडले तर हरले. उरलेल्या ४, ५, ६, ८, ९, १० यांपैकी जे पडेल तो 'पॉइंट'. मग तो पॉइंट पुन्हा पडेपर्यंत फासे टाकत राहायचं. मधे ७ पडला की खेळ खलास, पैसे गेले, फासे शेजाऱ्याकडे.

"म्हणजे आधी जो सात आपल्या बाजूचा, तोच नंतर त्यांच्या बाजूचा?" मागून ताईंनी विचारलं.

"बरोबर."

"मग खेळ कसला, महाराष्ट्राचं राजकारण झालं ते."

या सगळ्याचा पुरता हिशेब मांडला तर ४९५ डावांपैकी २४४ खेळणाऱ्याचे आणि २५१ कॅसिनोचे येतात. फरक सात डावांचा. पुन्हा सातच. शेकडा १.४१ एवढी ही वजावट. अशा चिमूटभर फरकांवर (आणि स्लॉट मशीनच्या मूठभर फरकावर) त्या वाळवंटात पिरॅमिड उभा आहे, निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर उभा आहे आणि व्हेनिसचे कालवे वाहताहेत. साडूंना हा आकडा तोंडपाठ होता. पण त्यांच्या मते तो वही नसलेल्यांसाठी होता.

वहीतली पहिली सिस्टीम मार्टिंगेल. हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे. कधीतरी जिंकणारच, जिंकलो की मागचं सगळं वसूल, वर पहिल्या पैजेएवढा नफा. अठराव्या शतकात कॅसानोव्हाने व्हेनिसमध्ये हीच चालवली आणि स्वतःचे पैसे संपल्यावर मैत्रिणीचे हिरेही तिच्यात घालवले, हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. साडूंचं त्यावर म्हणणं असं, की त्याचं लक्ष खेळात नव्हतं.

टेबलावर किमान पैज १५ डॉलरची होती. आता मोजा : १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८०, ९६०. सातव्या पायरीवर माणूस ९६० डॉलर लावून उभा असतो, ९४५ आधीच गेलेले असतात, आणि हा आटापिटा १५ डॉलरच्या नफ्यासाठी असतो. तीही पायरी गेली तर आठव्या डावाला १९२० लागतात, पण तिथे टेबलावरची पाटी आडवी येते : कमाल पैज १०००. साडूंनी गाडीतच आकडेमोड केली. लागोपाठ सात डाव हरण्याची पाळी साधारण ११६ मालिकांत एकदा येते. "म्हणजे ११५ वेळा आपण जिंकतो!" ते विजयी मुद्रेने म्हणाले. ११५ गुणिले १५ म्हणजे १७२५ डॉलर. त्या उरलेल्या एका वेळी जातात १९०५. हा दुसरा आकडा वहीत कुठेच नव्हता.

"बाबा, ती एक वेळ पहिलीच आली तर?" जावयाने गाडी चालवता चालवता विचारलं.

"किरकोळ बाबींवर आम्ही शेरा मारत नाही," साडू म्हणाले.

दुसरी सिस्टीम दालाँबेरच्या नावाची. हरलो की एक चिप वाढवायची, जिंकलो की एक कमी करायची. नशीब शेवटी समतोलावर येतंच, असा तिचा विश्वास. दालाँबेर मोठा गणिती खरा, पण नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता त्याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात तीनात दोन अशी सांगितली. ती चारात तीन असते. जुगाराच्या सिस्टीमला नेमकं त्याचंच नाव मिळावं, यात मला काही वावगं दिसत नाही. तिसरी लाबूशेरची; हा विलायतेच्या पार्लमेंटातला गृहस्थ. ओळीने आकडे मांडायचे, दोन टोकांच्या बेरजेएवढी पैज लावायची, जिंकलो की दोन्ही टोकं खोडायची, हरलो की शेपटीला नवा आकडा जोडायचा. ही साडूंची लाडकी, कारण तिच्यात खाडाखोड भरपूर. चौथी फिबोनाचीची, १, १, २, ३, ५, ८ अशी चढत जाणारी. तिच्याबद्दल त्यांना विशेष जिव्हाळा. "ही मुळात आपली! फिबोनाचीच्या पन्नासएक वर्षं आधी हेमचंद्राचार्यांनी मांडली." तेही खरंच. हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ती लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना मांडली. छंदशास्त्राचा डॉलर घालवण्यासाठी असाही उपयोग होईल, याची त्या जैन मुनींना कल्पना नसावी.

सिस्टीमचं वेड आपल्याकडे व्हेगसहून आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या दरांवर मुंबईत आकडा लागायचा तेव्हापासून, मटक्याचे जुने चार्ट अभ्यासून उद्याचा 'ओपन' काढणारे पंडित गिरणगावात होते. शालान्त परीक्षेत गणित राहिलेली माणसं इथे संभाव्यताशास्त्र शिकवत. आपल्या राज्य सरकारने तर १९७६ साली कॅसिनोंचं नियंत्रण करणारा कायदा केला, तो एकदाही लागू केला नाही आणि २०२३ साली रद्द केला. कॅसिनोवर कायम न हरणारी सिस्टीम मला एवढी एकच माहीत आहे.

वहीतली शेवटची आणि सर्वांत देखणी सिस्टीम 'आयर्न क्रॉस'. ५, ६ आणि ८ वर वेगवेगळे पैसे लावायचे, शिवाय 'फील्ड' नावाच्या पट्ट्यावर. त्यात २, ३, ४, ९, १०, ११, १२ येतात. म्हणजे सात सोडून काहीही पडो, आपण जिंकलो! "३६ पैकी ३० वेळा!" साडूंचा आवाज चढला. हे शंभर टक्के खरं आहे. तरी हिशेब बघा. किमान १५ च्या टेबलावर ही रचना ६६ डॉलरची होते : फील्डवर १५, पाचावर १५, सहा आणि आठवर १८-१८. पाच, सहा किंवा आठ आला की फील्ड बुडतं, हातात निव्वळ ६ राहतात. फील्डचा आकडा आला की १५. दोन आणि बाराला दुप्पट, म्हणजे ३०. सात आला की सगळे ६६ एका झटक्यात साफ. छत्तीसही जोड्या एकेकदा पडल्या असं धरलं तर मिळतात ३५४ आणि जातात ३९६. माणूस तीसदा जिंकतो, तीसदा टाळ्या वाजवतो आणि ४२ डॉलर देऊन घरी जातो.

फाशांना स्मरणशक्ती नसते, हे मान्य करायला माणूस तयार नाही. सगळ्या सिस्टीमचं मूळ इथे आहे. पाच वेळा हरलो म्हणजे नशिबाने आता आपलं काहीतरी देणं ठेवलंय, असं आतून वाटतं. फाशांच्या दप्तरी ते देणं नसतं. लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे वजाबाकी ठरलेली. पैजा लहानमोठ्या केल्या, आडव्यातिडव्या मांडल्या, फ्रेंच किंवा प्राकृत नावं दिली, तरी वजाबाक्यांची बेरीज अधिक होत नाही. कॅसिनोला हे पक्कं ठाऊक असतं. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून जिंकता येतं, हे एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून दाखवल्यापासून, पत्ते मोजणारा दिसला की त्याला नम्रपणे दार दाखवतात. उलट बॅकारातच्या टेबलावर आकडे टिपायला कागद-पेन्सिल तेच पुरवतात आणि रुलेटच्या टेबलावर मागचे आकडे झळकवणारा फलक लावतात. आपल्या सिस्टीमची ज्याला भीती वाटते, तो आपल्याला पेन्सिल देत नाही.

आम्ही गेलो त्या ठिकाणी साडूंची वही बघून कोणी भुवईसुद्धा उचलली नाही. वाकड्या काठीने फासे ओढणाऱ्या माणसाने कौतुकाने मान हलवली आणि पेयं घेऊन फिरणारी बाई दोनदा येऊन गेली. टेबलाभोवती पंधराएक माणसं, बहुतेक सगळी पास लाईनवर. साडूंनी बारकाईने विचार करून 'डोन्ट पास'वर पैसे ठेवले, म्हणजे फासे टाकणाऱ्याच्या विरुद्ध. तिथे वजावट शेकडा १.३६. शंभर डॉलरमागे पाच सेंटची बचत. या पाच सेंटसाठी पंधरा अनोळखी माणसांचं वैर पत्करायला सरकारी लेखापरीक्षकच हवा.

काउबॉय टोपीतला एक गृहस्थ फासे टाकत होता. पॉइंट होता आठ. सगळं टेबल आठाचा धावा करत होतं आणि साडूंना हवा होता सात. आता, क्रॅप्सच्या टेबलावर सात हा शब्द कोणी उच्चारत नाही. गावाकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसं ते 'बिग रेड' वगैरे म्हणतात. साडूंना हा नियम माहीत होता, पण तो इंग्रजीला लागू आहे, अशी त्यांची समजूत. ते बिनदिक्कत पुटपुटत होते, "सात, सात, ये रे बाबा, सात."

शेजारचा एक तरुण हळूच वाकला. "काका, सात नका म्हणू इथे. मारतील."

साडू दचकले. "तुम्ही कुठले?"

"चिंचवडचा."

"अरे वा! आमचे एक व्याही—"

तेवढ्यात फासे पडले. पाच आणि दोन. टेबलभर विव्हळणं उठलं. साडूंनी १५ डॉलर उचलले आणि वहीत नोंद केली. चिंचवडकराचे बरेच गेले असावेत. "काका, तुम्ही आपले की त्यांचे?" तो एवढंच म्हणाला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

पुढे फासे साडूंच्या हाती आले. त्यांनी ते निरखून पाहिले. लालभडक, पारदर्शक, धारदार कडांचे, प्रत्येकावर क्रमांक छापलेला. हे शेवटचं त्यांना फार आवडलं. फासे विशिष्ट बाजू वर धरून, ठरावीक झोकाने टाकले तर सात टाळता येतो, असं मानणारा एक पंथ अमेरिकेत आहे. टेबलाच्या पलीकडच्या भिंतीला रबराचे टोकदार उंचवटे असतात आणि फासे त्यांवर आपटलेच पाहिजेत, असा नियम आहे. तो याच पंथासाठी असावा. आपल्याकडे हे शास्त्र जुनं. नलराजाला ऋतुपर्णाने अक्षविद्या दिली, आणि शकुनीचं तर सर्वांना ठाऊकच आहे. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जो जुगारी आपलं गाऱ्हाणं सांगतो, त्याच्याजवळ कुठलीच विद्या दिसत नाही. तो म्हणतो, सासू माझा द्वेष करते. साडूंची आणि माझी सासू एकच. तिने ते काम आम्ही फाशांना हात लावण्याआधीच पुरं केलं होतं.

साडूंच्या हातून एका फटक्यात सात पडला. पहिल्या फेकीला! सगळं टेबल आनंदाने नाचलं आणि त्यांचे स्वतःचे, डोन्ट पासवरचे, पैसे गेले. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते आणि ते वहीत लाल शाईने लिहीत होते.

१९८९ साली व्हेगसच्याच कॅलिफोर्निया हॉटेलात स्टॅन्ली फुजिटाके नावाच्या हवाईच्या माणसाने सातावर बाद न होता ११८ वेळा फासे टाकले. तीन तासांहून जास्त वेळ. २००९ साली अटलांटिक सिटीत न्यू जर्सीच्या एका आजींनी त्यांच्यावर ताण केली : १५४ फेकी, सव्वाचार तास. एरवी सरासरी साडेआठ फेकींत कारभार आटोपतो. परतीच्या वाटेवर मी ही हकीकत सांगितली तेव्हा साडूंनी उत्सुकतेने विचारलं, "त्या बाईंची सिस्टीम कोणती?" कुठलीच नव्हती. क्रॅप्स खेळण्याची त्यांची ती दुसरीच वेळ होती. साडू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नोंदी नीट ठेवल्या नसतील."

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर माझं ऐका. पास लाईनवर किमान तेवढेच लावा. पॉइंट ठरला की त्यामागे 'ऑड्स'चे पैसे ठेवा. अख्ख्या टेबलावर कॅसिनो काहीही न कापता देतो अशी ही एकच पैज : ४ आणि १० ला दुप्पट, ५ आणि ९ ला दीडपट, ६ आणि ८ ला पाचास सहा. म्हणूनच तिच्यासाठी टेबलावर चौकट छापलेली नसते. विचारून घ्यावी लागते. मधोमध रंगवलेल्या सुंदर चौकटींकडे बघूही नका. पुढच्याच फेकीला सात येईल या पैजेवर तर शेकडा १६.६७ कापले जातात. घालवायची रक्कम आधी ठरवा आणि ती संपली की कारंजी बघायला जा. आणि बरोबर पद्धतशीर माणूस असेल, तर त्याच्याकडे वही राहू द्या, पाकीट मात्र त्याच्या बायकोकडे द्या.