आम्हीच जिंकणार, मार्ग तेवढा ठरवा

आमची तालीम फायनलला गेली आहे. ही बातमी ज्यांना अजून ठाऊक नाही, त्यांनी आपण कोल्हापुरातच राहतो याचा पुरावा जवळ बाळगावा. शाहू स्टेडियमवर सेमीफायनलच्या टायब्रेकरमध्ये शेवटची पेनल्टी आमच्या गोलीच्या गुडघ्याला लागून बाहेर गेली. गुडघा मुद्दाम लावला की चुकून लागला, या विषयावर चर्चा करायला पेठेत बंदी आहे. तेव्हापासून गल्लीत कोणी साध्या आवाजात बोललेले नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. इथे फुटबॉल खेळतात त्या तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे ऐकून पाहुण्याला वाटते, आत माणसे लाल मातीत घुमत असतील. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान उभे केले, ते 1912 मध्ये पुरे झाले. गावाने पुढे कुस्तीतली ईर्षा जशीच्या तशी उचलली आणि फुटबॉलमध्ये आणून ठेवली. फरक इतकाच, की चितपट झालेला पैलवान उठून, अंग झटकून घरी तरी जातो. फायनल हरलेली पेठ पुढच्या हंगामापर्यंत मान खाली घालून दूध आणायला जाते, तेही लांबच्या डेअरीतून.

तर आता आशेकडे वळू. समर्थकाची आशा म्हणजे काय, हे बघायचे असेल तर आमच्या मामांकडे बघावे. मामा म्हणजे सगळ्या पेठेचे मामा. त्यांचा सख्खा भाचा संघात राखीव खेळाडू आहे, तोही त्यांना मामाच म्हणतो. सोमवारी मामा कट्ट्यावर म्हणाले, “खेळ चांगला व्हावा, बास. हार-जीत काय, चालायचंच.” मंगळवारी म्हणाले, “एक गोल मारू. पण उत्तरार्धात.” बुधवारी दोन-शून्य झाले. गुरुवारी मिसळ खाताना चार-शून्य झाले आणि चौथा गोल राखीव खेळाडूने करावा असाही ठराव मंजूर झाला. शुक्रवारी मामांनी पाचवा गोल नाकारला. “समोरची पण आपलीच पोरं हायत मर्दा, एवढं बरं दिसत न्हाई.”

समोरची पेठ कोणती, ते मी लिहिणार नाही. मला अजून याच शहरात राहायचे आहे.

आशेबरोबर भीतीचीही सोय हवी. ती मामांनी इस्तंबूलवर सोपवली आहे. तिथे 25 मे 2005 रोजी चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये मिलान मध्यंतराला तीन-शून्यने पुढे होता. उत्तरार्धात लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि टायब्रेकरमध्ये कप नेला. हा सामना मामांना मुखपाठ आहे. आम्ही मागे असलो की मामा सांगतात, “इस्तंबूल आठव.” तेव्हा आम्ही लिव्हरपूल असतो. आम्ही पुढे असलो की मामा पुटपुटतात, “इस्तंबूल इसरू नको.” तेव्हा आम्ही मिलान असतो. शून्य-शून्य असताना मामा गप्प असतात, कारण त्या स्थितीसाठी युरोपने काही पुरवलेले नाही.

पेठेला आशेचा सराव मात्र जगभरच्या संघांवर झालेला आहे. निम्मे कोल्हापूर ब्राझील आणि निम्मे अर्जेंटिना ही वाटणी वर्ल्ड कपच्या वर्षी कोणत्याही चौकात दिसते. 2014 मध्ये जर्मनीने ब्राझीलला त्यांच्याच घरी सात-एक मारले, तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस एका घराचे दार उघडले नाही. त्या घरातले कोणी कधी ब्राझीलला गेलेले नाही. फार लांब म्हणजे पंढरपूर. अर्जेंटिनावाले 1986 पासून 2022 पर्यंत थांबले. आता ते प्रत्येक गोष्टीत छत्तीस वर्षांचा हिशेब सांगतात, नळाला पाणी उशिरा आले तरी.

चौकातला डिजिटल फलक हा स्वतंत्र विषय आहे. वीस फुटी फलकावर ‘फायनलसाठी हार्दिक शुभेच्छा’ असे लिहिले आहे. वरच्या बाजूला मोठे नेते, मधोमध शुभेच्छुक, हात जोडून आणि गॉगल लावून. त्यांच्याभोवती तेवीस कार्यकर्ते पासपोर्ट आकारात. संघ शोधावा लागतो. खालच्या कोपऱ्यात मोबाइल नंबराच्या वर जो निळसर ठिपका आहे, तो संघ. शुभेच्छुकांना मी हसत नाही. महापालिकेची निवडणूक 2015 मध्ये झाली, ती पुन्हा व्हायला 2026 उजाडले. एवढा काळ ‘भावी नगरसेवक’ म्हणून चौकात उभे राहणे येरागबाळ्याचे काम नव्हे. आशा कशी टिकवायची याचे क्लास त्यांनी घ्यावेत, पहिल्या बाकावर आम्ही बसू.

आणि आमचा परदेशी फॉरवर्ड. नायजेरियाहून आलेला हा गुणी मुलगा हंगामभर आमच्यासाठी पळतो आहे. त्याचे पूर्ण नाव पेठेत कोणालाही नीट उच्चारता येत नाही, म्हणून सगळे त्याला ‘भावा’ म्हणतात. गोल मारला की तो ‘आपला भावा’. चुकला की लगेच, “बाहेरचा घेतला, त्याला पेठेचं काय पडलंय?” तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी त्याने मागितली, त्या दिवसापासून त्याचा पासपोर्ट कुठला याची चौकशी बंद आहे. रविवारच्या फायनलमध्ये त्याने किमान दोन गोल करायचे आहेत. त्याला हे अजून कोणी सांगितलेले नाही.

आशा घरोघरीही आहे. बारा वर्षांच्या वरच्या प्रत्येक पोराची आई त्याच्यात पुढचा अनिकेत जाधव बघते आहे. इथूनच गेलेला अनिकेत 2017 मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, त्यामुळे या आशेला आधार आहे. बाकीच्या आशांना नाही.

तयारी सर्व बाजूंनी चालू आहे. सेमीफायनलला ज्याने जो शर्ट घातला होता, तो धुवायला टाकलेला नाही. एप्रिलचे ऊन असल्याने गॅलरीत आमच्याशेजारी जागा सहज मिळेल. ज्या गृहस्थांनी बघायला सुरुवात केली की गोल बसतो, त्यांना घरातल्यांनीच रविवारी इचलकरंजीला लग्नाला पाठवले आहे. लग्न कोणाचे, ते तिथे गेल्यावर शोधायचे आहे. हरल्याची कारणेही छापून तयार ठेवावीत तशी तयार आहेत: पंच, ऊन, वारा, मैदानाचा गेटाकडचा उतार. टायब्रेकर झाला तर जिंकल्यास गोलीची जिगर आणि हरल्यास लॉटरी, हे सर्वानुमते ठरले.

राहिला प्रश्न मिरवणुकीचा. यावर मात्र तालमीत तीन बैठका झाल्या, बचावफळीवर एकही नाही. मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिर, तिथून महाद्वार रोड, हा सरळ मार्ग. पण मामांचे म्हणणे, जीप समोरच्या पेठेतून, त्यांच्या तालमीच्या दारावरून गेली नाही तर कप जिंकून उपयोग काय? तिथे पाच मिनिटे हलगी थांबवायची नाही. गुलालाची पोती आली, जीप ठरली, कप कोणी धरायचा यावरून दोघांचे बोलणे बंद झाले.

शनिवारी सकाळी मामा मार्गाचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी अर्ज वाचला, तारीख बघितली, मामांकडे बघितले.

“सामना उद्या आहे ना?”

“व्हय.”

“आणि ह्या गल्लीतूनच जायचंय?”

“तिथनंच जायचंय, साहेब.”

साहेबांनी टेबलाचा खण ओढून दुसरा अर्ज काढला. तीच तारीख, तीच वेळ, जीप आणि हलगी. मार्ग तेवढा उलटा होता, थेट आमच्या तालमीच्या दारावरून. कालच सकाळी आला होता.

मामांचा चेहरा तांबडा झाला.

“सामना व्हायच्या आधीच?” ते म्हणाले. “एवढा माज?”