फराळ परदेशी धाडताना : नवशिक्यांसाठी

आधी परदेशात कुणीतरी हवं. मुलगा-मुलगी नसेल तर भाचा चालतो. "मावशी, इथे सगळं मिळतं," असं तो म्हणेलच. तिकडे लक्ष न देता झिपकोडसकट पत्ता मागून घ्या.

देश बघून पदार्थ ठरवा. ऑस्ट्रेलियाला आपले पेढे-बर्फी चालत नाहीत. दुधाचा पदार्थ दिसला की तिथला कस्टमवाला तो जप्त करतो. लंडनलाही तेच. तेव्हा चकली, शंकरपाळे, चिवडा.

चिवडा मात्र फसवा. खासगी कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला 5000 ने भागतात. म्हणजे 40 बाय 30 बाय 25 चा खोका सहा किलोचा, मग काटा भले चारच दाखवो. फुगलेल्या पोह्यांमधल्या हवेचंही भाडं आपणच भरायचं. पोस्टाच्या परदेशी स्पीड पोस्टात दर 250 ग्रॅमला टप्पा बदलतो. दहा ग्रॅम जास्त भरले तर पुढचा टप्पा लागू. यासाठी एक करंजी अगदी वर ठेवावी आणि खोका बंद करण्याआधी तिथेच खाऊन टाकावी.

आता अमेरिका. तिथे टपालाने खाण्याचा जिन्नस पाठवायचा तर त्यांच्या अन्न-औषध खात्याला आगाऊ कळवावं लागतं. फराळाच्या कामाची सूट एकच: एखाद्या व्यक्तीने आपल्या राहत्या घरी केलेला आणि भेट म्हणून पाठवलेला पदार्थ. थोडक्यात, लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेल्या चिवड्याची आगाऊ वर्दी द्यायची, परळच्या चाळीत आजीने परतलेल्याची नाही. विकतच्या फराळाला नाक मुरडणाऱ्या तमाम सासवांची बाजू वॉशिंग्टनने कायद्यात लिहून ठेवली आहे. ही बातमी घरात जपून सांगा.

मुहूर्तही बघा. 2025 मध्ये अमेरिकेने छोट्या पार्सलांची करमाफी काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने ऑगस्टअखेर तिकडची सेवा थांबवली. ती सुरू झाली 15 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होतं 21 ला. त्या वर्षी बऱ्याच अनारशांनी तुळशीचं लग्न गाठलं असणार.

मुंबईच्या जीपीओला जाणार असाल तर सकाळीच जा. रांग सरकेना झाली तर मान वर करून घुमट पाहावा. 1913 साली बांधून झालेली ही इमारत विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर आहे, त्यामुळे बघायला भरपूर आहे.

शेवटी कस्टमचा फॉर्म. 'फराळ' एवढंच लिहून भागत नाही. जिन्नस, वजन, किंमत वेगवेगळी लिहायची, तीही इंग्रजीत. खरी अडचण किमतीच्या रकान्यात येते. ब्रिटनमध्ये भेटवस्तू 39 पौंडांच्या आत असेल तर कर नाही, म्हणून तुम्ही खरा हिशेब मांडून तांदूळ, गूळ आणि तुपाचे पैसे लिहाल, आणि शेजारी उभी असलेली आई विचारेल, "माझ्या अनारशांची एवढीच किंमत?" हा वाद घरूनच मिटवून या. काऊंटरवर मागचे लोक ओरडतात.