बाळंतिणीला कायद्याचं कवच

मौदा तालुक्यातल्या गर्भवती भगिनींना कळवण्यास आनंद होतो की, प्रसूतीच्या टेबलावर त्यांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. मौद्याहून रेफर करून नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयात पाठवलं, तरी माथनीच्या टोलनाक्यावर हे संरक्षण कुणी उतरवून घेत नाही.

कुणी मांडीवर चापट मारली? भारतीय न्याय संहितेचं कलम 115 आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड. 'तवा मजा आली न, आता काऊन बोंबलून राह्यली?' असं कुणी विचारलं? कलम 79 आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही फक्त दोन कळांच्या मधल्या फावल्या वेळात समोरच्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ठेवायची. चापटीचा गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. बाळ रांगायला लागलं की सावकाश अर्ज करा.

हात उलट्या दिशेनं उगारला गेला, तर मात्र कायदा धावत येतो. महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानुसार डॉक्टर-नर्सवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. असायलाच हवा. आमचं दुखणं एवढंच की, एकाच खोलीत एक हात अजामीनपात्र आणि दुसरा अदखलपात्र.

ग्राहक आयोगात जावं म्हणता? 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की, जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, तिथला रुग्ण ग्राहक नव्हे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत केलं. खिशातले पैसे वाचले, ग्राहकपण डळमळलं.

व्हेनेझुएलानं 2007 मध्येच प्रसूतीतल्या छळाला कायद्यात स्वतंत्र नाव दिलं. आपल्याकडे त्याला अजून नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवतात ती बाईला.

एक स्वस्त उपाय मात्र सरकारनंच सांगितलाय. बाळंतपणाच्या वेळी सोबतीण आत राहू शकते, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांना कळवलं. तिनं बाळंतपण सोसलेलं असावं, कपडे स्वच्छ असावेत, कामात लुडबुड करू नये, अशा साध्याच अटी. अशा अनुभवी बाया धानाच्या रोवणीच्या दिवसांत कुठल्याही बांधीत डझनानं सापडतील. तरी ठिकठिकाणी माय बाहेरच्या बाकावर, नवरा टपरीवर, आणि दार आतून बंद.

तेव्हा भगिनींनो, दवाखान्यात निघताना आधार कार्ड आणि पासबुकासोबत त्या 2016 च्या पत्राची झेरॉक्सही पिशवीत टाका आणि ती मायच्या हाती द्या. चापटीच्या कलमाला साक्षीदार लागतो. अन् साक्षीदार खोलीत उभा असला, की बहुतेक वेळा कलमाची गरजच पडत नाही. दार बंद ठेवणाऱ्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.