सरकारी मदतीने निर्यातदार व्हा! (भोपाळकर नवशिक्यांसाठी)

अभिनंदन! तुमच्याकडे सिहोरचा शरबती गहू आहे आणि दुबईत लांबचा का होईना, एक मेहुणा आहे. एवढ्या भांडवलावर माणूस निर्यातदार होतो. बाकीचं सरकार बघतं.

सुरुवात सोपी आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरले की आयात-निर्यात कोड मिळतो. मग अपेडा या निर्यात प्राधिकरणाकडे नोंदणी. १९८६ साली स्थापन झालेली ही संस्था माल शेतीचाच बघते, पण येते वाणिज्य मंत्रालयाखाली. हे पाठ करून ठेवा, कारण भोपाळात चुकीच्या इमारतींना तोटा नाही. अरेरा हिल्सवर सातपुडा भवन आहे, विंध्याचल भवनही आहे. हे दोन्ही पर्वत एका दुपारीत ओलांडणारे वीर याच शहरात निपजतात.

अपेडाची मदत तीन कामांसाठी असते: पायाभूत सुविधा, गुणवत्ता आणि बाजारपेठ विकास. पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून भरण्याची जागा, बांधायचं असेल तर आधी तत्त्वतः मंजुरी, मग खरेदी, मग तपासणी, मग पैसे. क्रम चुकला तर यंत्रही तुमचं आणि बिलही तुमचंच. पैसे खर्च झाल्यावर मिळतात, म्हणजे अनुदान पदरात पडायला मुळात अनुदानाची गरज नसावी लागते.

आता मालाचं नाव. शरबतीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते ठणकावून लिहा. तांदूळ असेल तर मात्र जपून. रायसेन, विदिशा, सिहोर धरून मध्य प्रदेशातल्या १३ जिल्ह्यांचं म्हणणं आहे की आमचाही बासमतीच. पण बासमतीचं मानांकन २०१६ मध्ये नोंदलं गेलं ते अपेडाच्याच नावे, आणि त्यात हे जिल्हे नाहीत. राज्य सरकार मद्रास उच्च न्यायालयात हरलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२१ मध्ये तिथून प्रकरण पुन्हा मद्रासला आलं. ज्या खिडकीत मदतीचा अर्ज द्यायचा, तिच्याशीच आपलं राज्य कोर्टात भांडलं. तुम्ही आपले खिडकीशी गोड बोला आणि पोत्यावर नुसतं ‘लांब दाण्याचा’ लिहा.

राहिला मुहूर्त, आणि सगळी गोम इथेच आहे. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे जगभर गव्हाचे भाव चढले. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहानांनी निर्यातीच्या गव्हाला मंडी करात सवलत जाहीर केली. व्यापारी खूश, शेतकरी खूश. १३ मेच्या रात्री केंद्राने गव्हाची निर्यातच बंद केली. पुढच्या वर्षी जुलैत बिगरबासमती पांढरा तांदूळ थांबला, डिसेंबरात कांदा. त्याबद्दल नाशिककरांना विचारा, पण सावकाश वेळ काढून. एकीकडे प्रोत्साहनाच्या योजना पाच-पाच वर्षांच्या आखायच्या आणि दुसरीकडे रातोरात दार लावायचं, याला धोरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्या १३ मेच्या अधिसूचनेत एक पळवाट होती. ज्यांच्याकडे आधीच उघडलेलं, रद्द न होणारं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र, होतं, त्यांचा गहू जाऊ दिला. तेव्हा पॅकहाऊसचा नकाशा काढण्याआधी बँकेत जा आणि खरेदीदाराकडून ते एक पत्र उघडून घ्या. अनुदानाचा अर्ज नंतरही भरता येईल.