खिडकी डावीकडची की उजवीकडची?

कानावर आलंय का तुमच्या? कसारा लोकलनं म्हणे माणसं हौसेनं यायला लागलीत. नोकरीसाठी नाही, लग्नाला नाही, कुणाच्या दहाव्यालाही नाही. नुसती खिडकीतून बाहेर बघायला! ज्या गाडीत आमच्या आसनगाव-आटगावच्या माणसांनी पहाटे झोपेत चढायचं आणि रात्री झोपेतच उतरायचं, तिला आता ‘निसर्गरम्य प्रवास’ म्हणतात. ऐकून घरातल्या पासधारकांना ठसकाच लागला.

आणि हौस तरी साधी? आषाढ लागायच्या आधीच यांचे व्हॉट्सअॅपवर ग्रुप तयार. आमच्या आळीतली एक सून माहेरची दादरची, ती अशा एका ग्रुपात आहे, म्हणून सगळी बित्तंबातमी आम्हाला घरपोच. तिथं महिनाभर एकच कडाक्याचं भांडण चालू होतं : खिडकी डावीकडची धरायची की उजवीकडची? माहुली डावीकडं, म्हणून अर्धे डावे. नकाशात भातसा उजवीकडं, म्हणून उरलेले उजवे. मग कुणीतरी तानसाही डावीकडंच असल्याचा शोध लावला आणि उजव्यांतले निम्मे फुटले. आमदारसुद्धा इतक्या पटकन फुटत नाहीत हो! बरं, तानसा तलाव काय फलाटाला लागून आहे? आटगावला उतरायचं, मग रस्त्यानं अभयारण्यात शिरायचं, तेव्हा कुठं पाणी दिसणार. पण हे त्यांना सांगायचं कुणी? सुनेनं तोंड उघडलं नाही. म्हणाली, ‘आत्या, मजा जाईल.’

रविवार ठरला. कुणाच्या तरी लक्षात आलं, रविवारी मेगाब्लॉक. की लगेच नवी फाईल, नवा तक्ता, कोण मुलुंडला चढणार, कोण कल्याणला, डबा पुढून कितवा. अहो, आमच्याकडं मुलीचं लग्न ठरतं ना, तेव्हाही एवढी याद्यांची भानगड नसते.

आली बाई एकदाची वरात. रेनकोट जांभळे, पिवळे, पोपटी. भर पावसात डोळ्यांवर काळा गॉगल. दोन माणसांत छत्री एकच, आणि तीही धड डोक्यावर नाही (पुढचं मी बघितलं नाही, शेजारच्या काकूंनी बघितलं, त्या म्हणाल्या, न बघितलेलंच बरं). निम्मे माहुलीला गेले. गड खरोखर मोठा, शहाजीराजांनी १६३६ साली शेवटचा झगडा इथूनच दिला, जिजाबाई आणि बाळ शिवाजी तेव्हा गडावर होते. यांतल्या किती जणांना ते ठाऊक, देव जाणे. पायथ्याच्या धबधब्यापलीकडं कुणी चढलंच नाही. उरलेले विहीगावला. तिथल्या धबधब्यापाशी शाहरुख खानच्या ‘अशोका’तलं गाणं २००१च्या सुमाराला चित्रित झालं, तेव्हापासून त्याचं बारसंच ‘अशोका धबधबा’ असं झालं. पावसाळ्यात अपघात होतात म्हणून प्रशासन बंदीचे आदेश काढतं, तर यांचा पहिला प्रश्न असा की, बंदी किती वाजेपर्यंत असते?

परतीच्या वाटेवर एकीनं खर्डीला ठाकरीण बाईकडून शेवळं घेतली. ‘ऑरगॅनिक आहेत ना?’ असंही विचारलं. बाई बिचारी म्हणाली, रानातली आहेत. बरोबर काकडं घे, असंही तिनं सांगितलं होतं, पण हिला वाटलं, काकडी घरी आहेच! काकडाशिवाय शेवळाची भाजी म्हणजे घशात खाजेचा उत्सव. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आवाजी संदेश एकही नाही. दादरच्या सुनेनं मात्र त्या शांततेचा फार आनंद घेतला.

तुम्ही म्हणाल, आजकालच्या पोरांची ही थेरं. छे! राजधानीतून तळ्याकाठच्या गावाला उगाच गाडीत बसून जायचं, ही खोड मूळचीच आहे. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनची वेळ, एप्रिलचं ऊन. मुंबई इलाख्याची राजधानी सोडून १४ डब्यांची गाडी बोरीबंदरहून निघाली ती कुठं? तलावांच्या ठाण्याला! सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. आणि ३४ किलोमीटर जाऊन काय केलं? तर तंबूत बसून फराळ केला! कुणाचं काही काम होतं का ठाण्यात? नाही. मग आजच्या रेनकोटवाल्यांना कुठल्या तोंडानं बोलायचं?

तीच गाडी पुढं सरकत १८६१ साली कसाऱ्याला पोचली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला. तो चढ असा की ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. अजूनही मेल-एक्स्प्रेसना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. घाट बांधताना किती माणसं खपली, त्यांना कुणी खिडकी दिली नाही. जाऊ दे, तो विषय चवीनं चघळायचा नाही.

आता मुरबाडकडं वळू, कारण खिडकीच्या भांडणात तिथला प्रकार त्या ग्रुपाहून भारी. मुरबाडला रेल्वे नाही. माळशेज आहे, नाणेघाट आहे, म्हशाची जत्रा आहे, रेल्वे तेवढी नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची बोलणी मात्र निवडणुकीगणिक ताजी होतात. तरी सरळगावला चहाच्या टपरीवर परवा काय चाललं होतं? गाडी आली तर सिद्धगड कुठल्या खिडकीतून दिसेल! दोघांत बोलाचाली झाली म्हणे. रूळ नाही, स्टेशन नाही, आणि ‘ती बाजू माझी’ म्हणून आधीच रुमाल टाकलेला.

पण खरी गंमत मला वेगळीच वाटते. हे लोक येतात कशाला? पाणी बघायला. तानसा १८९२चं धरण, मग मोडकसागर, मग भातसा, मग २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईला रोज जे सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. म्हणजे सकाळी दादरला त्याच पाण्यानं आंघोळ करायची, मग अडीच तास गाडीत बसायचं, आणि इथं येऊन त्याच पाण्याला ‘वॉव’ म्हणायचं! पाणी मात्र रोज विनातिकीट मुंबईला जातं, मेगाब्लॉक नाही, काही नाही. आणि आमच्या पाड्यांवर मार्च-एप्रिल आला की टँकरच्या हॉर्नकडं कान. हंडे रांगेत लावून बसलेल्या बायकांचा फोटो काढायला मात्र एकही ग्रुप येत नाही. उन्हाळ्यात हिरवं नसतं ना.

तर आमच्या मंडळानं उलटी सहल ठरवलीय. कसाऱ्याहून येणारी लोकल धरायची, सीएसएमटीला उतरायचं आणि थेट मलबार हिल, हँगिंग गार्डन. ती बाग म्हणे मुळी पाण्याच्या टाकीच्या डोक्यावरच बसवलीय! वर फुलझाडं, खाली मुंबईचं पाणी. लेक एवढ्या मोठ्या घरी दिली, शंभर वर्षं उलटून गेली, अजून माहेरचं कुणी बघायला गेलेलं नाही. गेलंच पाहिजे. मुरबाडच्या मावश्यांनीही नावं दिली, पण त्यांचं बारवीचं पाणी एमआयडीसीच्या नळांनी उल्हासनगर-अंबरनाथकडं जातं. त्या म्हणतात, आमची लेक मलबार हिलवर नाही, आम्ही एसटीनं कल्याणला येऊ आणि तिथूनच उल्हासनगरची रिक्षा धरू. त्यावरून दोन बैठका झाल्या.

तिसऱ्या बैठकीत सामानाची यादी निघाली. भाकऱ्या, ठेचा, सतरंजी, सुपारी. कुणीतरी विचारलं, पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या? सगळ्या एकदम ओरडल्या, ‘अगं, तिथं पाण्याला काय तोटा!’