हॅलो वर्ल्डपुरता वाचस्पती

अडगळीतला एखादा संगणक घ्या, लिनक्स टाका, वर ॲस्टरिस्क बसवा. ऑफिसचं फोन एक्स्चेंज तयार. मार्क स्पेन्सरने 1999 साली हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं ते बाजारातली यंत्रणा परवडत नव्हती म्हणून. आपल्याकडेही याच कारणाने बसवतात.

मग साहेबांना हुक्की येते : एक्स्चेंजने बोललंही पाहिजे! त्यासाठी एडिंबरा विद्यापीठाचं फेस्टिव्हल हे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. पॅकेज एका ओळीत उतरतं. खरी मेख पुढे. ॲस्टरिस्क मजकूर 1314 या पोर्टवर धाडतं, पण फेस्टिव्हलच्या सेटिंग फाइलमध्ये स्कीम भाषेतलं छोटं फंक्शन घातलं नसेल, तर आवाज परत येत नाही. स्कीम म्हणजे कंसांचं रान. एक कंस सुटला की ग्राहकाच्या कानी निव्वळ शांतता. काही महाभाग वैतागून ते पोर्ट सगळ्या जगाला उघडं करतात. तिथे आज्ञाही चालतात, हे त्यांच्या गावी नसतं.

अखेर इंग्रजीत ‘हॅलो वर्ल्ड’ ऐकू येतं. पेढे वाटले जातात, फाइल बंद होते.

आणि मराठी? फेस्टिव्हलसाठी मराठी आवाज तयार झालेला आहे, ईस्पीक एनजी या तशाच सॉफ्टवेअरलाही मराठी येते. तेव्हा ‘सोय नाही’ ही सबब चालणार नाही. अडतं ते पुढे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. यंत्राने ओळखायचं कसं? आकड्यांचं तर विचारूच नका. एक ते नव्व्याण्णव, जवळजवळ प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. त्यात थकबाकीच्या 1,25,000 मधला स्वल्पविराम पाहून यंत्राने ‘एक, पंचवीस, शून्य’ म्हटलं, तर थकबाकीदार खूश! यावर उपाय साधा आहे : रक्कम आधी अक्षरी करायची आणि मगच यंत्राच्या तोंडी द्यायची. पण ते करणाऱ्या स्क्रिप्टसाठी दोन दिवस द्यायला कोणी राजी नसतं. महागडा आवाज विकत घ्यायला मात्र पैसे निघतात. पण साध्या फोन लाइनवर आवाजाचे सेकंदाला 8000 नमुनेच जातात; त्या आवाजाचा निम्मा गोडवा वाटेतच गळतो.

तेव्हा यंत्रणा बसवून घेणाऱ्यांनो, चाचणीला 79,999 रुपयांची थकबाकी द्या. ‘एकोणऐंशी हजार नऊशे नव्व्याण्णव’ नीट ऐकू आलं, तरच बिल चुकतं करा.