इनबॉक्सचं बिऱ्हाड

संगणक बदलणं सोपं असतं असं सांगणाऱ्या माणसानं आपली ईमेल कधी हलवलेली नसते. फोटो हलतात, गाणी हलतात, विजेच्या बिलांच्या पीडीएफ तर न सांगता दोन-दोन प्रतींत हलतात. ईमेलचं बिऱ्हाड मात्र उंबरठ्यावरच अडून बसतं.

पुण्याच्या लेकानं नवा संगणक पाठवला तो भर मे महिन्यात. वर्ध्याच्या मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाणी भरणं हाच घरातला मुख्य उद्योग. पाहुण्याला त्रास नको म्हणून संगणकाला कूलरसमोरची जागा मिळाली आणि मी कोपऱ्यात सरकलो. जोडणी करायला आलेल्या पोरानं बसायच्या आधीच विचारलं, "काका, पॉप आहे का आयमॅप?"

"तुला जे आवडेल ते लाव," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग समजावलं. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात, आपण फक्त पाहून येतो. पॉपमध्ये ती आपल्या डब्यात उतरतात आणि वेगळं सांगून ठेवलं नसेल तर तिकडून पुसली जातात. माझं सगळं पॉप निघालं. म्हणजे इतक्या वर्षांची पत्रं अख्ख्या जगात एकाच जागी होती: जुन्या हार्ड डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये.

"पण लपवलं काऊन?"

"तुम्ही डिलीट मारू नये म्हणून जी."

कंपनीला माझी इतकी अचूक ओळख असेल असं वाटलं नव्हतं.

फोल्डर उचलून नव्या संगणकात ठेवलं, तर प्रोग्रॅमनं पासवर्ड मागितला. जुना प्रोग्रॅम तो स्वतःच लक्षात ठेवायचा, त्यामुळे घरात दुसऱ्या कुणावर ती जबाबदारी कधी पडलीच नव्हती. शेवटी तो पंचांगाच्या मागच्या पानावर सापडला. टाकला. "काका, घेऊनच नाही राहिला तो." पासवर्ड बरोबर होता, पण आता अशा प्रोग्रॅमला खरा पासवर्ड चालत नाही म्हणे. त्याच्यासाठी सोळा अक्षरांचा वेगळा अॅप पासवर्ड काढायचा, आणि तो काढायला ओटीपी. ओटीपी गेला लेकाच्या मोबाइलवर. लेक मीटिंगमध्ये.

मग आम्ही गोरसपाक खात बसलो. पोरगा सेवाग्रामचा. त्याला म्हटलं, तुझ्या गावाचं नावच टपालाच्या घोळातून आलेलं आहे. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा ते होतं सेगाव. आणि याच रेल्वेमार्गावर पुढे गजानन महाराजांचं शेगाव. पत्रं या सेगावला यायच्या ऐवजी त्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं.

पोराचे डोळे चमकले. "मग काका, तुम्हालेही नवीन आयडी काढून देऊ का? दोन मिनिटांत होते."

पण गावाचं नाव बदलणं तुलनेनं सोपं. माझा आयडी बँकेत, गॅसवाल्याकडे, पेन्शनच्या कागदावर आणि साडूच्या डोक्यात बसलेला. त्यातल्या साडूला नवीन आयडी पाठ करवणं माझ्या हयातीत शक्य नाही.

लेकाची मीटिंग सुटली, ओटीपी आला, पत्रं धो-धो दिसू लागली. पण जायला तयार नव्हती. येण्याचं पोर्ट ९९५, जाण्याचं ५८७, आणि जुन्या सेटिंगमध्ये जाण्याचं २५. स्पॅमच्या भीतीनं २५ क्रमांकाचं दार हल्ली बहुतेक ठिकाणी बंदच असतं. पोरानं आकडा बदलला, "आता पहा" म्हणाला आणि 'सेंड' दाबलं.

चाचणीचं पत्र गेलं. त्याच्या मागोमाग आणखी एक गेलं. ते आउटबॉक्समध्ये कधीपासून अडकून होतं देव जाणे. जुन्या फोल्डरबरोबर तेही इकडे आलं होतं. हिंगणघाटच्या एका मित्राला दिवाळीच्या शुभेच्छा, सोबत पणतीचं चित्र. बाहेर पारा पंचेचाळीशीला टेकलेला.

संध्याकाळी मित्राचं उत्तर आलं: "तुम्हालाही. चकल्या पाठवा."

तेव्हा वाचकहो, संगणक बदलाल तेव्हा पासवर्ड, पोर्ट वगैरे पोरं पाहून घेतील. तुम्ही फक्त आउटबॉक्स आधी रिकामा करा.